आयडलला गाडी रेस मारतेय, हवा कुठून चोरतेय ते सापडेना

धायरीकर
मंडळी, डोकं फिरायची वेळ आली आहे. पेट्रोल हॅचबॅक, २०१४ ची, चार सिलिंडर, १.२ लिटर, ८६ हजार किमी झालेत. महिनाभरापासून इंजिन तापलं की आयडल (पेडलवर पाय नसतानाचा इंजिनाचा वेग) जागेवर राहत नाही. पूर्वी ७५०-८०० ला गुपचूप बसायची, आता सिग्नलला न्यूट्रल केली की ११५०-१२०० ला अडकते आणि मधूनच ९०० ते १४०० असे झोके घेते, झोपाळ्यावर बसल्यासारखे. गंमत म्हणजे एसी लावला की झोके बंद.

एका गॅरेजात थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून घेतली, फरक शून्य. आता ते म्हणतात थ्रॉटल बॉडीच बदला, १४ हजार. व्हिडिओ बघून मला वाटतंय की कुठेतरी व्हॅक्युम लीक आहे, म्हणजे थ्रॉटलच्या पुढे भोकातून जास्तीची हवा आत शिरतेय. पण सगळे व्हिडिओवाले म्हणतात की लीक असेल तर पी०१७१ कोड (हवेच्या मानाने पेट्रोल कमी, म्हणजे मिश्रण लीन) येतो. माझ्याकडे ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आहे, त्यात एकही कोड नाही. चेक इंजिनचा दिवाही नाही. मग लीक नाही असं समजायचं का?

स्पॅनर दहा-बारा
प्लग बदलून बघितले का? माझ्या गाडीला असंच होत होतं.

धायरीकर
प्लग चार महिन्यांपूर्वीचे आहेत. मिसिंग नाही, पिकअपही ठीक आहे.

गॅरेजवाले काका
थ्रॉटल बॉडी बदलू नका. निदान आज तरी नको.

कोड नाही म्हणजे लीक नाही, हा समज आधी डोक्यातून काढा. ते व्हिडिओ बहुतेक अमेरिकन गाड्यांचे असतात. त्यांच्यात बहुधा मास एअर फ्लो सेन्सर असतो, म्हणजे फिल्टरमधून आत जाणारी हवा दारातच मोजली जाते. पुढे कुठे भोक असलं तर तिथून शिरलेली हवा फुकटची, हिशोबात न आलेली. पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं, ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो, आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पेट्रोल वाढवत वाढवत हात टेकतो तेव्हा पी०१७१ येतो.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो सेन्सर नसतोच. मॅप सेन्सर असतो. तो मॅनिफोल्डच्या, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या भागाच्या, आतला दाब मोजतो. भोकातून हवा शिरली की दाब वाढतो, मॅप सेन्सरला ते दिसतं, ईसीयू म्हणतो "बरं, हवा जास्त आली, पेट्रोल जास्त देतो". मिश्रण बरोबरच राहतं. पण हवाही जास्त, पेट्रोलही जास्त, मग इंजिन पळणार नाही तर काय करणार? म्हणून तुमची गाडी रेस मारते आणि कोड मात्र येत नाही. चोर दरवाजातून नाही, खिडकीतून आला, पण वॉचमनने वहीत त्याची व्यवस्थित नोंद केली, असा प्रकार.

स्कॅनर लावा आणि हे आकडे द्या: इग्निशन चालू पण इंजिन बंद असताना मॅप किती. मग इंजिन गरम, एसी बंद, आयडलला मॅप किती, इग्निशन टायमिंग (ठिणगी किती अंश आधी पडते ते) किती, शॉर्ट आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो ते) किती. मग तेच २५०० आरपीएमला. अंदाजे नको, लिहून द्या.

बुलेटबाबा
काका, आमच्या मोटारसायकलींना स्कॅनर-बिनर काही नाही. कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधलं रबर चिरलं की झालं, रेस वर जाते आणि खाली येत नाही. रबर दाबून बघायचं, दोन मिनिटांचं काम.

गॅरेजवाले काका
बरोबर आहे बाबा. गाडीत तेच रबर पंधरा ठिकाणी असतं, एवढाच फरक.

धायरीकर
काका, आकडे घ्या. पत्नी गाडीत बसली होती, मी बोनेटपाशी, त्यामुळे थोडं भांडण होऊन मिळालेत.

इंजिन बंद: मॅप ९४ किलोपास्कल.
आयडल, कूलंट ९१ अंश: मॅप ४४, आरपीएम ११८० च्या आसपास, टायमिंग उणे ४ ते अधिक २ मध्ये नाचतंय. शॉर्ट टर्म अधिक-उणे ३, लाँग टर्म अधिक ५.
२५०० ला: लाँग टर्म अधिक ५. शॉर्ट तसंच.

लाँग टर्म अधिक ५ म्हणजे लीन ना? म्हणजे लीकच?

कूलंट ताई
मध्येच बोलते, कारण हा आकडा बघून हल्ली रोज कोणीतरी घाबरतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या अंगातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई२० ला (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) साधारण १३.५ किलोच पुरते, म्हणजे तेवढ्याच हवेत पेट्रोल जास्त घालावं लागतं. ई१० किंवा साध्या पेट्रोलसाठी बसवलेल्या गाडीत ई२० भरलं की ट्रिम चार ते आठ टक्के वर जाणं अगदी नैसर्गिक आहे. हा आजार नाही.

आणि इथे खूण स्पष्ट आहे: आयडलला ५, २५०० लाही ५. लीक असेल तर (हवा मोजणाऱ्या गाडीत) आयडलला ट्रिम खूप वर असते आणि रेस वाढवली की खाली येते. भोक तेवढंच राहतं, पण थ्रॉटल उघडल्यावर एकूण हवेत त्याचा वाटा नगण्य होतो. सगळीकडे सारखी वाढलेली ट्रिम म्हणजे इंधन किंवा फ्युएल प्रेशर. म्हणून ट्रिम सोडा, मॅप आणि टायमिंगकडे बघा. टायमिंगचा आकडा मला जास्त आवडला.

न्यू जर्सीचा नाना
ताईंनी सांगितलेलं माझ्या गाडीत जसंच्या तसं घडलं होतं. सहा सिलिंडर, हवा मोजणारा सेन्सर. जानेवारीत सकाळी आयडलला ट्रिम अधिक २२, २५०० ला अधिक ४. पी०१७१ आणि पी०१७४ दोन्ही, म्हणजे दोन्ही बाजूंना लीन. इंजिन तापलं की सगळं गायब. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट थंडीत आकसून हवा घेत होतं आणि तापल्यावर परत बसत होतं. गरम गाडी घेऊन तीनदा दुकानात गेलो आणि तीनदा "काही नाही" ऐकून आलो. चौथ्यांदा रात्रभर गाडी तिथेच ठेवली, तेव्हा सकाळी सापडलं.

गॅरेजवाले काका
धायरीकर, छान आकडे दिलेत. आता ऐका.

इंजिन बंद असताना ९४ म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, तिथे ९४-९५ च यायला हवा. मुंबईत हाच आकडा १०० च्या पुढे असतो. म्हणजे मॅप सेन्सर खरं बोलतोय. ही तपासणी लोक करतच नाहीत आणि थेट सेन्सर बदलतात.

आयडलला ४४ जास्त आहे. निरोगी इंजिन गरम असताना ३० ते ३६ मध्ये असतं. आणि टायमिंग ८-१० अंश पुढे हवं, ते शून्याच्या खाली जातंय. ईसीयूने थ्रॉटल मिटवून मिटवून पूर्ण मिटवलं, तरी आरपीएम उतरेना, म्हणून तो ठिणगी उशिरा टाकून इंजिनाला मुद्दाम मरगळ आणतोय. म्हणजे थ्रॉटल बॉडी बिचारी तिचं काम करतेय. हवा दुसरीकडून येतेय.

कूलंट ताई
आणि झोक्यांचं कोडं: पाय पेडलवर नाही आणि आरपीएम एका मर्यादेच्या वर, म्हणजे गाडी उतारावर आहे असं ईसीयू समजतो आणि पेट्रोल बंद करतो. आरपीएम पडतं, पेट्रोल परत चालू, परत वर, परत बंद. एसी लावला की कंप्रेसरचा भार पडतो, आरपीएम त्या मर्यादेखाली राहतं, झोके थांबतात. एसी काही दुरुस्त करत नाही, फक्त झाकतो.

धायरीकर
वा! महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी अर्थ लागला. आता शोधायचं कसं? कान लावून ऐकलं, पण पंख्याच्या आवाजात काही कळत नाही.

मोकळा क्लच
उदबत्ती पेटवून पाइपांजवळून फिरवा. धूर जिथे आत ओढला जाईल तिथे लीक. आमच्या शेजारच्या मेकॅनिकची युक्ती.

कूलंट ताई
कृपा करून हे करू नका. बोनेटखाली पेट्रोलचे पाइप, इंजेक्टर, वाफ, आणि हातात निखारा. शिवाय पंख्याच्या वाऱ्यात उदबत्तीचा धूर कुठेही जातो.

मोकळा क्लच
ताई, वीस वर्षं करतोय तो, काही झालं नाही.

गॅरेजवाले काका
वीस वर्षं काही होत नाही आणि एकविसाव्या वर्षी बोनेट जळतं. उदबत्ती देव्हाऱ्यात ठेवा.

धायरीकर, सोप्याकडून अवघडाकडे जा.

आधी नळ्या चिमटा. पक्कडीच्या जबड्यांना कापड गुंडाळा आणि मॅनिफोल्डमधून निघणारी एकेक नळी हळूच दाबून बंद करा. जी दाबल्यावर आरपीएम धाडकन खाली येईल, त्या नळीच्या पुढच्या भागात लीक. ब्रेक बूस्टरची (ब्रेकला व्हॅक्युमचा जोर देणाऱ्या डब्याची) जाड नळी, पीसीव्हीची (इंजिनाच्या पोटातली, म्हणजे क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डमध्ये नेणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी, आणि पेट्रोलच्या वाफेच्या डब्याकडून येणाऱ्या पर्ज व्हॉल्व्हची नळी, या तीन मुख्य. जुनी कडक झालेली नळी जोरात दाबलीत तर तिथेच चिरेल, मग एकाचे दोन लीक होतील. पर्ज व्हॉल्व्हसाठी सोपी चाचणी: डब्याकडची नळी काढून बोट लावा. आयडलला ओढ लागली तर बहुतेक व्हॉल्व्ह उघडा अडकलाय. अशा गाड्या पेट्रोल भरल्यावर लगेच चालू व्हायला कुरकुर करतात, तीही खूण.

ऑइल भरायचं झाकण उघडायला गेल्यावर जोरात चिकटून बसलं असेल, शीळ वाजत असेल, तर पीसीव्हीचा पडदा फाटलाय. डिपस्टिकची रिंगसुद्धा बघा, ती कोणी बघत नाही.

कान लावायचा असेल तर स्टेथोस्कोपची पुढची चकती काढा आणि नुसती नळी फिरवा. स्टेथोस्कोप नसेल तर मीटरभर रबरी नळी कानाला लावून. पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, ओढणी-मफलर काढून.

धायरीकर
रविवार सकाळ खर्ची पडली. ब्रेक बूस्टर दाबला: फरक नाही. (ब्रेक पेडलही कडक नाही.) पीसीव्ही दाबला: ५० ने कमी झालं. पर्ज: ओढ नाही. झाकण सहज निघालं. डिपस्टिक ठीक. नळी कानाला लावून सगळीकडे फिरवली, मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला सुस्कारा ऐकू आल्यासारखा वाटतो, पण तो भास असू शकतो.

स्प्रेच्या बाटलीत पाणी भरून सांध्यांवर मारलं, काही नाही. कार्ब क्लीनर मारू का?

स्पॅनर दहा-बारा
साबणाचं पाणी मारा, फेस येईल तिथे लीक.

गॅरेजवाले काका
चालू इंजिनाला फेस येत नाही राव, मॅनिफोल्ड हवा आत ओढतो, बाहेर टाकत नाही. साबण आत जाईल. फेस पाहायचा असेल तर इंजिन बंद करून आतून दाब द्यावा लागतो.

कार्ब क्लीनरने आरपीएम बदललं तर जागा कळते हे खरं, पण तो भडकतो. गरम एक्झॉस्ट आणि सैल प्लग वायर असेल तर काम तमाम. आणि क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर तर चुकूनही नको, तापल्यावर विषारी वायू होतो.

त्याआधी एक निर्णायक चाचणी करा. एअर फिल्टरची मोठी नळी काढा, थ्रॉटलच्या तोंडावर काहीतरी सपाट, जाड दाबून धरा. हात लावू नका, ओढ जबरदस्त असते. हवेचा राजमार्ग बंद झाला की चांगलं इंजिन दोन-तीन सेकंदांत मरायलाच हवं.

धायरीकर
काका!! पोळपाट लावला. आणि गाडी अडखळत का होईना, चालूच राहिली!

पत्नीचा संताप वेगळाच. पोळपाटाला काळा गोल शिक्का बसलाय.

कूलंट ताई
पीसीव्हीची नळी चिमटून परत करा. क्रँककेसमधून हवा येऊ शकते. तरी चालू राहिली तर पक्कं.

धायरीकर
केलं. तरी चालू. पोळपाट आता कायमचा गॅरेजचा झाला आहे, नवीन आणायचा आदेश आहे.

डिझेलदादा
माझ्या डिझेल गाडीलाही असंच करून बघू का? आयडल थोडं थरथरतं.

गॅरेजवाले काका
नको. डिझेलचा हिशोब वेगळा. तिथे वेग ठरतो तो इंधनावर, मॅनिफोल्डमध्ये असा व्हॅक्युमच नसतो. म्हणून तर ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्युम पंप असतो. शिवाय चालू टर्बो डिझेलच्या तोंडाशी काही धरणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. तुमचा वेगळा धागा काढा.

न्यू जर्सीचा नाना
आता धूर. तोच शेवटचा उपाय. इंजिन बंद करून मॅनिफोल्डमध्ये धूर भरायचा, जिथून बाहेर येईल तिथे लीक. इथे दुकानात मशीन असतं, पण घरीही होतं. पत्र्याच्या डब्यात सुती दोरीची वात, तिच्यावर बेबी ऑइल, डिझेल गाडीच्या ग्लो प्लगने (विजेवर लाल होणाऱ्या कांडीने) ती तापवायची आणि हवा अगदी हळू द्यायची. टायर भरायचा कंप्रेसर लावायचा नाही. दाब जास्त झाला तर सील उडतात.

धायरीकर
ग्लो प्लग मिळाला, जुन्या बाजारात. डबा तुपाचा. हवेसाठी मुलाच्या माशांच्या टाकीचा पंप पुरेल का?

न्यू जर्सीचा नाना
सुंदर पुरेल. तेवढाच दाब हवा. माशांना तासभर कळणार नाही. ग्लो प्लगला सलग वीज नको, आठ-दहा सेकंद द्या, थांबा, परत द्या. डबा इंजिनापासून जितका लांब ठेवता येईल तितका लांब, मोकळ्या हवेत, नळी लांब घ्या. धूर ब्रेक बूस्टरची नळी काढून त्या तोंडातून सोडा, थ्रॉटलचं तोंड हातमोजा ताणून बंद करा. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे उघडे असले तर सायलेन्सरमधूनही धूर येईल, त्याने फसू नका.

धायरीकर
सापडलं!!!

पार्किंगमधल्या वॉचमनने अग्निशामकचा डबा घेऊन धाव घेतली, त्यांना आधी शांत केलं. मग टॉर्च लावून पाहिलं. धूर मॅनिफोल्डच्या खालच्या बाजूने, फायरवॉलकडे तोंड करून, एका पितळी नॉझलच्या मुळाशी येतोय. तिसऱ्या सिलिंडरवर. दुसरीकडून काहीच नाही. पाणी मारलं तेव्हा मी वरूनच मारत होतो, खाली पोचलंच नसणार.

गॅरेजवाले काका
पितळी नॉझल? इनटेक मॅनिफोल्डवर पितळी नॉझल कुठून आलं?

धायरीकर
सीएनजीचं. दोन वर्षांपूर्वी बाहेरून किट बसवलंय. सांगायचं राहिलं का?

गॅरेजवाले काका
राहिलं! अहो, दोन आठवडे झाले, मॅप काय, टायमिंग काय, पोळपाट काय, आणि गाडीत सीएनजी आहे हे आज कळतंय!

कूलंट ताई
😂

धायरीकर
पेट्रोलवरही तोच त्रास होता, म्हणून मला वाटलं सीएनजीचा काही संबंध नाही.

गॅरेजवाले काका
म्हणूनच संबंध आहे. सिक्वेन्शियल किट बसवताना मॅनिफोल्डला प्रत्येक सिलिंडरसाठी एक भोक पाडतात, आटे पाडून नॉझल फिरवतात, त्यावर गॅस इंजेक्टरची रबरी नळी. गाडी पेट्रोलवर असली तरी त्या नळ्या मॅनिफोल्डच्या व्हॅक्युमखालीच असतात. चार नॉझल, चार नळ्या, आणि रेड्युसर (गॅसचा दाब उतरवणारा भाग) व मॅप सेन्सरकडे जाणारा टी-जॉइंट. कंपनीच्या गाडीत नसलेल्या नऊ जागा. त्यात तुमचा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असणार; प्लास्टिकमध्ये पितळी आटे, कंपन आणि उष्णता, दोन वर्षांत ढिले पडतात. सीएनजीवाल्या गाडीत मी पहिला हात तिथेच घालतो.

स्पॅनर दहा-बारा
मग एम-सील लावा आणि सोडा. माझा भाऊ तेच करतो.

गॅरेजवाले काका
लावा, आणि सहा महिन्यांनी तुकडा सुटून सिलिंडरमध्ये गेला की मग हेड उघडा.

धायरीकर, किटवाल्याकडेच न्या, तो गॅसचा भाग आहे. आधी सिलिंडरचा हाताचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधला गॅस गाडी चालवून संपवा. नॉझल काढून आटे बघायला सांगा. आटे शाबूत असतील तर साफ करून थ्रेड सीलंट लावून बसवता येईल, पण मॅनिफोल्डच्या प्लास्टिकला चालणारं सीलंट आहे का ते विचारा, काही थ्रेड लॉक काही प्लास्टिकला तडे देतात. आटे गेले असतील तर एक माप मोठं नॉझल किंवा इन्सर्ट. आणि उरलेली तीनही नॉझल हाताने हलवून बघा. एक ढिलं झालं की बाकीची रांगेत असतात.

धायरीकर
झालं काम. तिसऱ्याचे आटे थोडे झिजले होते, साफ करून नवीन नॉझल, सीलंट. चौथंही अर्धा फेरा फिरलं, तेही घट्ट केलं. टी-जॉइंटची नळी कडक झाली होती, ती बदलली. किटवाल्याने नॉझलचे पैसे घेतले, मजुरी नाही, "आमचंच काम होतं" म्हणाला.

आकडे: आयडल ७८०, हलत नाही. मॅप ३३. टायमिंग ९ च्या आसपास. लाँग टर्म अजूनही अधिक ५.

कूलंट ताई
ते ५ ई२० चं. राहू द्या. ९४ वजा ३३ म्हणजे ६१ किलोपास्कल, जुन्या गेजच्या भाषेत १८ इंच. आधी ९४ वजा ४४ म्हणजे ५० होतं, म्हणजे पंधरा इंचांच्याही खाली. पुण्याच्या उंचीला १८ उत्तम.

डिझेलदादा
पोळपाट कुठल्या लाकडाचा होता?

धायरीकर
सागाचा. आईकडून आला होता. नवीन आंब्याचा आणलाय, त्याला गाडीजवळ न्यायची परवानगी नाही.